खाली अजून नावं आहेत

स्क्रोलबारवर कुणी लेख लिहितं का? मी लिहितोय. मिरचीवर, सारंगखेड्याच्या यात्रेवर लिहिलं की घरची मंडळी आवडीनं वाचतात आणि संगणकावर लिहिलं की "छान लिहिलंय रे" एवढं म्हणून विषय बदलतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. :-) तरीही काका-मामा-आत्या सगळ्यांना विनंती, की या वेळी शेवटपर्यंत या. लेख खिडक्यांचा आहे तितकाच माणसांच्या नावांचाही आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायचं त्यांना सोपं जाईल. संगणकाच्या पडद्यावर सरकणारी खिडकी जो बांधतो, त्याचं पहिलं काम ती सरकवणं नाही. जे दिसत नाहीये ते खाली आहे, एवढं आहे, आणि इथे संपतं, हे बघणाऱ्याला सांगणं हे पहिलं काम. सरकवणं त्यानंतर येतं. आपल्याकडे बहुतेक प्रोग्रॅम उलट क्रमानं लिहिले जातात, आणि अलीकडची फॅशन तर पहिलं काम पार सोडून द्यायची आहे.

ज्यांनी कधी प्रोग्रॅम लिहिला नाही त्यांच्यासाठी थोडं मूळ. सुरतेहून नंदुरबारला येणाऱ्या गाडीत खिडकीशी बसा. खिडकी दीड हाताची, बाहेरचा मुलूख मैलोन् मैल. कुठल्याही क्षणी दिसतो तो दीड हातच. सरकणारी खिडकी म्हणजे नेमकं हेच. एक मोठा कागद आणि त्याच्यासमोर एक लहान चौकट. सगळा कारभार तीन आकड्यांवर चालतो: कागद किती लांब, चौकट किती उंच, आणि चौकटीचा वरचा काठ सध्या कागदावर कुठे आहे. जीटीके घ्या, क्यूटी घ्या, जावाची स्विंग घ्या, प्रत्येकात हे तीन आकडे कुठल्या ना कुठल्या नावानं भेटतात. जीटीके तर या आकड्यांसाठी 'ॲडजस्टमेंट' नावाची वेगळी वस्तूच ठेवतं.

यातली गंमत अशी की बटण खाली ओढलं की कागद वर जातो. गाडी पुढे गेली की झाडं मागे पळतात तसं. म्हणून प्रोग्रॅममध्ये उणे चिन्ह येतं. नवशिका पहिल्यांदा ते विसरतो आणि त्याची यादी उलटी पळते. ही चूक लगेच दिसते, लगेच दुरुस्त होते. मला त्या चुकीची भीती वाटत नाही. भीती वाटते ती न दिसणाऱ्या चुकीची.

ती चूक वजाबाकीची असते. कागद ३००० ठिपके लांब आणि चौकट ४०० ठिपके उंच असेल, तर चौकटीचा वरचा काठ जास्तीत जास्त २६०० वर जाऊ शकतो. ही वजाबाकी केव्हा करायची हा खरा प्रश्न. फॉर्म उघडताना एकदाच केली आणि नंतर यादीत चाळीस नावं वाढली, तर कागद लांब झाला पण बटणाचा शेवट जुन्याच जागी राहिला. बटण तळाला टेकतं. बघणाऱ्याला वाटतं यादी संपली. ती चाळीस नावं संगणकात आहेत, बेरजेत आहेत, छापलं तर कागदावरही येतील. फक्त पडद्यावर त्यांच्यापर्यंत पोचायला वाट नाही. पायथनमधल्या टीकेमध्ये हे आजही हमखास होतं, कारण तिथे साधी फ्रेम सरकत नाही, ती कॅनव्हासवर ठेवावी लागते, आणि कॅनव्हासला 'सरकायचा मुलूख आता एवढा झाला' असं दर वेळी आपणच सांगावं लागतं. क्यूटीमध्ये सरकपट्टीच्या आतली वस्तू मांडणीप्रमाणे ताणली जावी म्हणून एक सेटिंग 'खरं' करावं लागतं. ते राहिलं की आतला फॉर्म आक्रसून बसतो, आणि माणूस दोन तास बाकी सगळीकडे दोष शोधत राहतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. योगायोग असा की मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल बेसिक ६ त्याच वर्षी आलं. नवा जिल्हा, नवी कार्यालयं, पतसंस्था, आश्रमशाळा, दूध संघ, आणि सगळ्यांना 'सॉफ्टवेअर' हवं. तालुक्याच्या गावी ज्यानं कुणी ते लिहून दिलं, त्यानं बहुधा व्हीबीतच लिहिलं. त्या भाषेची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. आमच्यासारख्या गावांत संगणकाला मराठी फॉर्म दिला तो तिनं. पण तिच्यात सरकणारी फ्रेम तयार मिळत नव्हती. साध्या यादीसाठी ग्रिड असायची. प्रत्येक नावापुढे टिकमार्कचा चौकोन, रकमेचा रकाना, फोटो असं काही हवं असेल तर एका पिक्चरबॉक्सच्या पोटात दुसरा पिक्चरबॉक्स ठेवायचा, शेजारी उभा स्क्रोलबार लावायचा, आणि तो हलला की आतला डबा उणे तेवढाच वर ढकलायचा. हा जुगाड आमच्या पिढीतल्या प्रत्येकानं केलेला आहे.

त्या स्क्रोलबारचा आकडा मात्र 'इंटिजर' जातीचा होता. म्हणजे ३२,७६७ च्या पुढे मोजायची सोय नाही. आणि व्हीबीचं मूळ माप ठिपका नव्हे, ट्विप. एका इंचात १४४० ट्विप, नेहमीच्या पडद्यावर एका ठिपक्याला १५. भागाकार करून बघा: ३२,७६७ ट्विप म्हणजे जेमतेम २१८४ ठिपके. चोवीस ठिपक्यांची एक ओळ धरली आणि चौकटीत दिसणाऱ्या ओळी त्यात मिळवल्या, तरी शंभर-सव्वाशे नावांवर सगळं संपलं. माप ठिपक्यांत बदललं की अडचण पंधरा पट लांब जायची, पण ते कुणीतरी सांगायला हवं ना! त्याच्या पुढे 'एरर ६, ओव्हरफ्लो' असा डबा यायचा आणि प्रोग्रॅम बंद पडायचा. बंद पडला असता तर बरंच झालं असतं. पण त्या काळात प्रत्येक फंक्शनच्या पहिल्या ओळीत 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' लिहायची पद्धत होती. चूक झाली तर गप्प बस आणि पुढे चल. मग डबा यायचा नाही, स्क्रोलबारचा शेवट मुळातल्या ३२,७६७ वर अडकून राहायचा, आणि त्याच्या खालची नावं कायमची खालीच.

हे काही एकट्या व्हीबीचं दुखणं नव्हे. विंडोजनं स्क्रोलची जागा कळवणारा जो निरोप प्रोग्रॅमला पाठवायचा, त्यातला आकडाही सोळाच बिटांचा. लांब यादीत खरी जागा वेगळी विचारून घ्यावी लागते. लिनक्सवरच्या जुन्या एक्स विंडो पद्धतीत खिडकीची जागा सोळा बिटांत मांडलेली, तिथेही तोच ३२,७६७ चा कठडा, आणि टूलकिट लिहिणाऱ्यांना तो ओलांडायला युक्त्या कराव्या लागल्या. ज्यांनी हे ठरवलं ते मूर्ख नव्हते. त्यांच्या काळात पडदा हजार ठिपक्यांचाही नव्हता. बत्तीस पडदे लांब यादी कुणाला हवी, असं त्यांना वाटलं असणार. हवी होती. आमच्याकडे एका गावाची यादीसुद्धा तेवढी होते.

एक प्रसंग सांगतो. कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण दोष त्या टेबलाचा नव्हता. एका अनुदानाची लाभार्थी यादी होती. सातपुड्यातून उतरून आलेली एक म्हातारी बाई खिडकीशी उभी होती. ऑपरेटरनं यादी तळापर्यंत सरकवली, परत वर नेली, पुन्हा खाली आणली आणि म्हणाला, "आजी, नाव नाही तुमचं." पोरगा चांगला होता, आवाजात मग्रुरी नव्हती. पडद्यावर बटण तळाला टेकलेलं मी स्वतः बघितलं. बाई काही बोलली नाही. बाहेर व्हरांड्यात तीच यादी छापून लावलेली होती, तिच्यावर तिच्या नातवानं बोट ठेवून दाखवलं. नाव होतं. कागदावर अनुक्रमांक होता, पडद्यावर तो आकडा येतच नव्हता. काम त्या दिवशी कागदावरून झालं. पुढे त्या प्रोग्रॅमचा मजकूर बघायला मिळाला. पिक्चरबॉक्सच्या पोटात पिक्चरबॉक्स, ट्विपचं माप, आणि पहिल्या ओळीत तेच: चूक झाली तर गप्प बस.

मला त्या दिवसापासून एक गोष्ट खुपते. नातू सोबत नसता तर? अक्राणी, अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यांवरून एका कामासाठी खाली यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली आणि जीपचं भाडं गेलं. 'नाव नाही' हे दोन अक्षरांचं आणि दोन अक्षरांचं वाक्य ऐकून माणूस वाद घालत नाही, परत जातो. संगणक सांगतोय म्हटल्यावर तर नाहीच घालत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं एक वजाबाकी वेळेवर केली नाही, तिची किंमत कुणी दिली हे त्याला कधी कळतही नाही.

आणि या अशा यादीत तळाला कोण असतं? आमच्या जिल्ह्यातली आडनावं आठवा. गावित, नाईक, तडवी वरती किंवा मधे येतात. पण पाडवी, पावरा, वळवी, वसावे ही माणसं बाराखडीच्या उतरणीला. यादी अकारविल्हे लावली की 'व' कायम चौकटीच्या खाली. शाळेत हजेरीला ज्यांचं नाव शेवटी यायचं त्यांना हे दुःख माहीत आहे. पण तिथे गुरुजी शेवटपर्यंत वाचायचे.

त्यात पुन्हा एक बारीक खोच आहे. आपल्या बाराखडीत 'ळ' हा 'ह' च्या नंतर येतो. म्हणजे मराठी शब्दकोशाच्या क्रमानं आधी वसावे, मग वळवी. युनिकोडनं 'ळ' ला 'ल' च्या शेजारचा क्रमांक दिला आहे. प्रोग्रॅमनं नुसत्या क्रमांकांवरून यादी लावली की वळवी आधी येतात आणि वसावे नंतर. शाळेत शिकलेल्या क्रमानं शोधणारा माणूस वळव्यांचा जथा लागला की म्हणतो, वसावे मागे पडले, वर जायला हवं. प्रत्यक्षात ते अजून खाली असतात. युनिकोडच्या आधीचा जमाना तर विचारू नका. श्रीलिपी, कृतीदेव अशा फाँटांत अक्षरं इंग्रजी चिन्हांच्या जागांवर बसवलेली. क्रम लावला की नावं तांदळात खडे मिसळावेत तशी विखुरलेली. अशा यादीत शोधायला एकच उपाय होता, सरकवत सरकवत प्रत्येक नाव डोळ्यांखालून घालणं. म्हणजे ज्या काळात स्क्रोलची सर्वांत जास्त गरज होती, त्याच काळात तो सर्वांत लंगडा होता.

"पण आता शोधायचा चौकोन असतो, स्क्रोल करतो कोण?" असं माझे पुण्यातले मित्र म्हणतात. बरोबर आहे, आणि अपुरं आहे. रुपसिंग लिहिलं तर रूपसिंग सापडत नाही. वसावेचं कुठे वसावा झालेलं असतं. भिली, पावरी, मावची बोलणाऱ्या माणसानं तोंडानं सांगितलेलं नाव शाळेच्या मराठीत लिहिणाऱ्यानं आपल्या कानानं ऐकून लिहिलेलं असतं. शोधाच्या चौकोनात नेमकं ते स्पेलिंग टाकावं लागतं जे तुम्हाला माहीत नसतं, म्हणूनच तर तुम्ही शोधताय! यादी डोळ्यांनी वाचताना मात्र माणूस 'अरे, हीच ती' असं ओळखतो, कारण त्याला शेजारचं वडिलांचं नाव दिसतं, पाडा दिसतो.

"आणि आधार?" हाही प्रश्न येतो. देशातले पहिले आधार क्रमांक आमच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० ला दिले गेले, पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी आले होते. त्याचा अभिमान आहे. बारा आकडे हाताशी असले की रूपसिंग-रुपसिंगचा घोळ मिटतो हेही खरं. पण आकडा टाकून शोधणं म्हणजे एका माणसानं एका माणसाला शोधणं. यादी तपासणं हे वेगळं काम आहे. कुणाचं नाव गळलं, कुणाचं दोनदा आलं, मेलेल्याचं राहिलं, हे कळायला यादी पहिल्यापासून शेवटपर्यंतच वाचावी लागते. २०१७ मध्ये संगणकावरचे सातबारे हस्तलिखितांशी जुळतात का हे बघायला राज्यभर चावडीवाचन झालं, ते याचसाठी. चावडीवाचन ही माझ्या मते जगातली सर्वांत प्रामाणिक सरकती खिडकी. एका वेळी एकच नाव, मोठ्यानं, सगळ्यांसमोर, आणि शेवटचं नाव वाचून होईपर्यंत कुणी उठत नाही.

आता मराठी ओळीच्या उंचीबद्दल. सरकणाऱ्या यादीत हजार ओळी असतील तर वेग राहावा म्हणून 'सगळ्या ओळी सारख्या उंचीच्या' असं गृहीत धरायची युक्ती बहुतेक टूलकिट देतात. युक्ती चांगली आहे. पण ती उंची इंग्रजी अक्षरावरून ठरवली की आपल्या लिपीची पंचाईत होते. आपलं अक्षर शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार घेऊन उभं असतं आणि खाली उकार सोडतं. ओळ चार ठिपके तोकडी पडली की उकार कापला जातो. सुमनची समन होते. गुलाब आणि गलाब एकच दिसतात. छापल्यावर सगळं ठीक असतं, म्हणून तक्रार कुणी करत नाही. लांब मजकूर दोन ओळींत मोडला तर उंची रुंदीवर अवलंबून राहते. जीटीकेला हे हिशेब नीट जमायला २०११ ची तिसरी आवृत्ती यावी लागली. म्हणजे साधनं सुधारली आहेत. आपण ती मराठी नावं भरून तपासतो का, एवढंच उरतं. बहुतेक जण 'टेस्ट १', 'टेस्ट २', 'एबीसी' अशी सहा नावं भरून बघतात. सहा नावं सगळ्या खिडकीत मावतात. सहा नावांवर कुठलाच स्क्रोलबार चुकत नाही.

यापेक्षाही छुपा एक दोष आहे आणि तो मला सर्वांत धोक्याचा वाटतो. लांब फॉर्म आहे, मधे गाव निवडायची उघडझाप यादी आहे. ऑपरेटर गाव निवडतो आणि खाली जायला माऊसचं चाक फिरवतो. फॉर्म सरकायच्या ऐवजी निवडलेलं गावच बदलतं! तळोद्याचा माणूस शहाद्याचा होतो. आवाज नाही, इशारा नाही. चाकाचा माऊस १९९६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाऊसमुळे सगळीकडे पोचला. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं चाकाचा निरोप बाण जिथे आहे तिथे जात नसे, शेवटी जिथे क्लिक केलं होतं त्या रकान्याकडे जायचा. २०१५ च्या विंडोज १० नं हे बदललं. पण क्यूटीत आजही उघडझाप यादीवरून बाण जाताना चाक फिरलं की मूल्य बदलू शकतं. उपाय पाच-सहा ओळींचा आहे: क्लिक केल्याशिवाय त्या रकान्यानं चाकाकडे लक्ष द्यायचं नाही, निरोप बाहेरच्या सरकत्या चौकटीकडे जाऊ द्यायचा. प्रत्येक फॉर्म लिहिणाऱ्यानं हे करायला हवं. करणारे थोडे भेटतात.

आता फॅशनकडे. स्क्रोलबार मुळात फार शहाणी वस्तू आहे. जुन्या मॅकिंटॉशवर आणि विंडोज ३ मध्ये त्याचं बटण ठरावीक मापाचं असायचं, ते फक्त 'कुठे' हे सांगायचं. विंडोज ९५ मध्ये आणि १९९८ च्या मॅक ओएस ८.५ मध्ये बटण कागदाच्या प्रमाणात लहान-मोठं होऊ लागलं. तेव्हापासून ते 'किती' हेही सांगतं. बटण अर्ध्या पट्टीएवढं असेल तर दोन पडद्यांचा मजकूर, नखाएवढं असेल तर चिक्कार. एक अक्षर न वाचता एका नजरेत कळतं. एवढी चांगली गोष्ट हाती आल्यावर आपण काय केलं? लपवली. २०११ मध्ये ॲपलनं लायनमध्ये पट्टी दिसेनाशी केली, हात लावला तरच उगवणारी. २०१५ च्या जीटीके ३.१६ नं तीच वाट धरली. कारण काय, तर दिसायला स्वच्छ.

सतरा ठिपके. विंडोजच्या नेहमीच्या उभ्या पट्टीची रुंदी एवढी. १३६६ ठिपक्यांच्या साध्या पडद्यावर ती सव्वा टक्का जागा खाते. तेवढ्यासाठी 'खाली आणखी आहे' ही खबर पुसून टाकायची? ज्यांनी हे ठरवलं त्यांच्या हाताखाली उत्तम टचपॅड होता, बोट टेकवलं की पट्टी उगवणारा. आमच्या सेवा केंद्रातल्या माऊसचं चाक धुळीनं महिन्याभरात अडकतं. ऑपरेटर बाण आणि पेज डाऊनवर काम काढतो. त्याच्या पडद्यावर पट्टी उगवणार कधी? आणि चौकटीचा खालचा काठ नेमका दोन ओळींच्या मधोमध आला, अर्धवट कापलेली ओळसुद्धा दिसली नाही, तर ती यादी संपल्यासारखीच दिसते. बरं, पट्टी कायम दिसत ठेवायला जीटीकेत एक ओळ पुरते. विंडोज आणि मॅकमध्येही तशी सेटिंगं आहेत. फक्त ती कुणीतरी चालू करायला हवीत.

दुसरी बाजू मी समजू शकतो. फोटो बघायला, गोष्ट वाचायला पट्टी नसली तर बिघडत नाही. मोबाईलच्या पडद्यावर जागा खरंच कमी. मी बोलतोय ते कामाच्या टेबलावरच्या प्रोग्रॅमबद्दल, जिथे एक माणूस पडदा बघतो आणि दुसरा माणूस त्याच्या तोंडाकडे बघतो. तिथे पडद्याची सुंदरता त्या दुसऱ्या माणसाला दिसतही नाही. त्याला फक्त निकाल ऐकू येतो.

आपल्या जुन्या लोकांना ही अडचण माहीत होती. त्यांचेही लांब कागद गुंडाळीचे असायचे, एका वेळी हातभर उलगडायचे, म्हणजे सरकती खिडकीच. शिवकालीन पत्र बघा. वर मुख्य शिक्का, आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब, 'मर्यादेयं विराजते' असा. मर्यादा इथे आहे. याच्या पुढे काही लिहिलेलं नाही, आणि हा शिक्का दिसेपर्यंत वाचणाऱ्यानं थांबायचं नाही. एका छोट्या ठशात दोन्ही कामं झाली. गुंडाळी हातात धरणाऱ्याला अर्धाच कागद बघून 'पत्रात तसं काही नाही' असं म्हणायची सोय राहिली नाही.

आपल्या यादीला मोर्तब हवं. माझं मागणं इतकं साधं आहे. शेवटच्या नावाखाली एक ओळ: 'यादी समाप्त, एकूण ३१२ नावे'. ही ओळ दिसल्याशिवाय 'नाव नाही' म्हणायचं नाही, एवढं ऑपरेटरला शिकवायला अर्धा मिनिट लागतो. प्रत्येक ओळीला अनुक्रमांक. चौकटीच्या वर कायम दिसणारा मजकूर, '३१२ पैकी १ ते १८'. रकान्यांची शीर्षकं जागेवर राहावीत, यादीबरोबर वर पळू नयेत, नाहीतर वडिलांचं नाव कुठलं आणि नवऱ्याचं कुठलं हे तिसऱ्या पानावर कुणाला आठवत नाही. पट्टी सदैव दिसावी. एंड दाबलं की खरोखरचा शेवट यावा. आणि प्रोग्रॅम गिऱ्हाईकाला देण्याआधी दोन हजार खरी मराठी नावं भरून, शेवटचं वसावे स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, उकारासकट.

यातलं काहीच अवघड नाही. यातल्या कशासाठी नवं टूलकिट लागत नाही. व्हीबीत लिहिलेले प्रोग्रॅम आजही कुठे कुठे चालू आहेत, त्यांतसुद्धा हे बसतं. अडचण एवढीच आहे की लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ऑपरेटर असतो, फार तर साहेब असतो. खिडकीच्या पलीकडे उभा असलेला माणूस नसतो. तो आला की वजाबाकी आपोआप आठवते.

असो. बराच लांबला लेख, तुम्हालाही स्क्रोल करावं लागलं. :-) प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मित्रांनी आज आपली एखादी जुनी यादी उघडून एंड दाबून बघावं. आणि काका-मामा-आत्या, तुम्ही कुठल्याही टेबलासमोर उभे असाल आणि 'नाव नाही' असं ऐकलंत, तर शांतपणे एकच विचारा: "एकूण किती नावं आहेत, आणि शेवटचं कुठलं?"

लेख समाप्त. याच्या खाली काही नाही.